उजेड शे

मित्रांनो, जरा लांबच बसा. भिऊ नका, माझ्यात आता भिण्यासारखे काही उरलेले नाही. पण माझ्यापासून चार हात दूर बसायची सवय चांगली, म्हणून सांगते. मी सोनगीरजवळच्या एका गावातली जुनी एकनळी बंदूक आहे. खरे तर 'होते' म्हणायला हवे. माझी नळी मधोमध फाटली आहे, दस्त्यावर काळे डाग पडले आहेत आणि चापाच्या कडीला पोलिसांनी पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधून ठेवला आहे. या खोलीला मुद्देमालाची खोली म्हणतात. माझ्या एका बाजूला मोडकी सायकल आहे, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी हातभट्टीचे पिंप. दोघांनाही गप्पांची आवड नाही. मला लवकरच कापून वितळवणार आहेत. त्याआधी माझी कहाणी कुणीतरी ऐकून घ्यावी असे मला फार वाटते.

माझा जन्म इथला नाही. दूर गंगेकाठी मुंगेर नावाचे गाव आहे, तिथल्या एका कारखान्यात मी घडले. माझ्या नळीचे पोलाद तासून तासून आतून आरशासारखे केले होते. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. ज्या म्हाताऱ्या कारागिराने तो घासला त्याने शेवटी त्यावर गाल टेकवून पाहिला आणि मान हलवली. ती माझी पहिली शाबासकी. पुढे धुळ्याच्या दुकानातून मला नथ्थूभाऊंनी घेतले आणि एसटीत मांडीवर आडवी धरून घरी आणले. शेजारचा प्रवासी सगळ्या रस्ताभर अंग चोरून बसला होता, हे मला आजही आठवते आणि हसू येते.

नथ्थूभाऊंचा परवाना पिकाच्या राखणीचा होता. त्यांच्या शेतामागे माळ, माळामागे नाला आणि नाल्यापलीकडे रोही. पुस्तकात ज्याला नीलगाय म्हणतात त्याला आमच्याकडे रोही म्हणतात. घोड्याएवढे उंच जनावर. रोह्यांचा कळप हरभऱ्यात शिरला की खाईल त्यापेक्षा तुडवील जास्त. नथ्थूभाऊ बांधावर उभे राहून मला आभाळाकडे रोखत आणि एक बार काढत. कळप पळून जाई. जीव घ्यायची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली, आणि आली तेव्हा त्यांना दिवसभर जेवण गेले नाही. मला हा माणूस आवडत असे.

त्यांची एक रीत होती. सकाळी मला घेऊन बाहेर पडण्यापूर्वी ते अंगणाच्या कडेला उगवतीकडे तोंड करून उभे राहत. बिजागरीतून मला उघडत, नळी डोळ्यांसमोर धरत आणि मागच्या तोंडातून आरपार पाहत. नळी मोकळी असली की पलीकडे सूर्याचा गोल लखलखीत तुकडा दिसे. मग ते मोठ्याने म्हणत, "उजेड शे." म्हणजे उजेड आहे, वाट मोकळी आहे. आत कचरा नाही, गंज नाही, काही अडकलेले नाही. त्यानंतरच काडतूस आत जाई. या दोन शब्दांवर माझा सगळा जन्म सुखाने गेला.

पण मित्रांनो, मुलांना त्यांनी कधी जवळ येऊ दिले नाही. ते चांगलेच होते, बंदुकीजवळ मुलांचे काय काम? मात्र त्यामुळे झाले असे, की त्यांच्या मुलाला, कुंदनला, दारातून फक्त बापाची पाठ दिसे. पाठ, वर उचललेले हात, समोर उगवता सूर्य आणि ते दोन शब्द. नथ्थूभाऊंची बायको आक्काबाई चुलीपाशी असे, तिला नुसते शब्द ऐकू येत. दोघांनीही आपापल्या मनाशी एक समजूत करून घेतली. ती मला फार उशिरा कळली.

नथ्थूभाऊ गेले आणि माझे दिवस फिरले. परवानेदार गेला की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. तिथे माझ्यासारख्या कितीतरी जणी भिंतीला टेकून उभ्या होत्या, धुळीने माखलेल्या. कुंदनच्या नावावर परवाना व्हायला बराच काळ लागला. मी घरी आले तेव्हा माझी जाड कापडाची खोळ आक्काबाईने उसवून तिच्यात लसूण भरला होता. नळी साफ करायचा लांब गज मच्छरदाणीच्या दांडीच्या जागी बसला होता. कुणावर रागवणार? त्यांनी काही वाईट हेतूने केले नव्हते. कुंदनने मला बैठकीच्या खुंटीवर टांगले, तोंड वर आणि उघडे, आणि नमस्कार केला. दसऱ्याला हळदकुंकू, झेंडूची माळ. एरवी कोण विचारतो?

कुंदन शिकार करणारा माणूस नव्हे. सोनगीरला हायवेलगत त्याचे मोटारी भरायचे दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार आली की तो तिची जुनी तार काढतो आणि तांब्याची नवी तार बोटांनी एकेक फेरा दाबत भरतो. त्याची बोटे बघत राहावीत अशी. मोटार पुन्हा सुरू झाली की तो तिच्यावर डावा हात ठेवतो आणि डोळे मिटून ऐकतो. त्या बोटांवर घर चालत होते, शेत केवळ सोबतीला होते. त्याची बायको पुनम जळगावच्या पिंप्राळ्याची. बोलायला मोकळी, शंका काढायला पुढे. तिला दिवस गेले होते आणि घरात सगळे तिला फुलासारखे जपत होते.

त्याच पावसाळ्यात ती आली.

कुंभारीण तुम्ही पाहिली असेल. बारीक कमरेची, पिवळसर पायांची माशी. चोचीएवढ्या तोंडात ओल्या मातीची गोळी आणते आणि भिंतीवर मडक्यासारखे घर बांधते. आमच्याकडे कुंभारणीचे घर कुणी मोडत नाही. घरात तिने घर केले की पाळणा हलणार, असे मानतात. माझ्या खुंटीखाली तिने पहिले घर बांधले तेव्हा पुनम केरसुणी घेऊन आली होती. आक्काबाईने तिचा हात धरला.

"मोडू नको व माय! कुंभारीण घर कराले उनी, म्हणजे आपला घर पायना हालस. ते तुन्हासाठीच शे."

"मग राहू दे आक्का. तिचंही बाळंतपण इथंच होऊ दे," पुनम हसून म्हणाली.

त्या दिवसापासून त्या भिंतीला कुणी हात लावेना. जाळी झाली तरी कुणी झटकेना. मीही कौतुकाने पाहत होते. आणि एके दुपारी सगळे झोपलेले असताना ती माशी माझ्या तोंडावर बसली, आत डोकावली आणि खाली उतरली. मी शहारले. ती पुन्हा आली ती माती घेऊन. मग पुन्हा, मग पुन्हा. माझ्या नळीच्या मध्यापर्यंत जाऊन तिने एक घर बांधले, त्यात हिरव्या अळ्या कोंबल्या, तोंड लिंपले आणि त्याच्यावर दुसरे घर उभारले. पावसाळा संपला तेव्हा माझ्या गळ्यात वाळलेल्या मातीचा दट्ट्या बसला होता. भिंतीवरचे घर सगळ्यांना दिसत होते. माझ्यातले फक्त मला आणि तिला माहीत होते, आणि ती तर उडून गेली.

तुम्ही म्हणाल, मातीचीच तर गोळी, उडून जाईल बाराबरोबर. नाही मित्रांनो. छर्रे आणि धूर नळीतून सुटतात तेव्हा त्यांना मोकळी वाट लागते. वाट अडलेली असली की तो सगळा जोर नळीच्या अंगावर येतो. पोलाद कितीही चांगले असो, ते फाटते. आणि ज्या जागी ते फाटणार होते तिथेच बंदूक धरणाऱ्याचा डावा हात असतो.

हिवाळ्यात रोही आले. कुंदनचा हरभरा त्यांनी एकदा खाल्ला. त्याने काटे लावले, साड्या बांधल्या, डबे वाजवले. दुसऱ्यांदा खाल्ला. शेजारच्या शेताचे झुलाल आबा, नथ्थूभाऊंचे जुने सोबती, त्यांचेही तेच हाल. अर्ज केले, पंचनामा झाला आणि शेवटी वनखात्याची परवानगी आली. कुंदनला रोही मारावा लागणार होता. त्याची ती पहिलीच वेळ. ते ऐकून माझ्या अंगावरचे तेलही थिजले.

मग तयारी सुरू झाली. काय ती तयारी! इतकी निगुतीने केलेली तयारी मी कधी पाहिली नव्हती, आणि प्रत्येक गोष्टीबरोबर माझी भीती वाढत होती. कुंदनने मला अगदी अलगद उतरवले, का, तर भिंतीवरच्या घराला धक्का लागू नये. शिलाई मशीनचे तेल आणले. दस्ता पुसला, चाप पुसला, बिजागरीत थेंब थेंब तेल सोडले. नळी बाहेरून इतकी घासली की तिच्यात पुनमला स्वतःचा चेहरा दिसला. बाहेरून! गज समोरच्या खोलीत मच्छरदाणी सांभाळत होता. तो कुणालाच आठवला नाही, कारण तो कशाचा आहे हेच या घरात कुणाला ठाऊक नव्हते.

नथ्थूभाऊंची काडतुसे कोठीत एका डब्यात होती. ओल लागून ती सर्द झाली होती. कुंदनचा चुलतभाऊ ललित म्हणाला, "भाऊ, त्या राहू द्या. मी धुयाथून नवा लई येस." हा ललित म्हणजे मोबाइलवर शिकारी पाहून पाहून तयार झालेला शिकारी. त्याला माझ्याविषयी सगळे माहीत होते, फक्त मला उघडायचे कुठून ते सोडून. पण आक्काबाईला नवऱ्याची काडतुसे टाकवेनात.

"बिबड्या नरम पडन्यात तं ऊन दखाडतस ना? तसं यासलेबी दखाडू," ती म्हणाली. ज्वारीच्या पापडांना आमच्याकडे बिबड्या म्हणतात. तिने ती काडतुसे घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर, मिरच्यांशेजारी खाटेवर पसरली. लाल मिरच्या आणि लाल काडतुसे, शेजारी शेजारी. पुनम दर थोड्या वेळाने जाऊन दोन्ही उलथीपालथी करत होती. ललितने नवीही आणली. ठरले असे, की पहिला बार बापाच्या काडतुसाचा, मग लागली तर नवी.

निघायच्या दिवशी पहाटेच सगळे उठले. तांबडे फुटले तसा कुंदन आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, मला घेऊन अंगणाच्या कडेला गेला. अगदी त्याच जागी. उगवतीकडे तोंड, पाठ घराकडे. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटले, आता हा मला उघडणार, आता हा पाहणार. त्याने मला दोन्ही हातांवर आडवी घेतली, बंद होते तशीच, सूर्याकडे उंच केली, डोळे मिटले आणि भक्तिभावाने म्हणाला, "उजेड शे."

दारात आक्काबाईने पदर डोळ्यांना लावला. "बाप गत! अगदी बाप गत शे मन्हा पोऱ्या."

पुनमने मात्र विचारले, "आक्का, उजेड तर समोर दिसतोच आहे. मग तो सांगायचा कशाला?"

"रीत शे माय ती. बंदूक सूर्यनारायणले दखाडानी नि बोलानं. तुन्हा सासरा कधी चुकना नही."

पुनमच्या कपाळावरची आठी मला दिसली. आणखी एकदा विचार, पोरी! मी आतल्या आत ओरडत होते. बंदुकीचा आवाज गावभर जातो म्हणतात. त्या सकाळी माझा आवाज माझ्या नळीतून बाहेर पडला नाही. त्यात माती होती.

शेतावर झुलाल आबा आधीच येऊन थांबले होते. ते नाल्यापलीकडून कळप उठवणार होते. म्हातारा माणूस, हातात फक्त काठी. निघता निघता ते वळले आणि त्यांनी विचारले, "कुंदन, उजेड शे ना रे?"

"हा आबा. शे उजेड."

आबांनी समाधानाने मान हलवली आणि ते नाल्यात उतरले. दोघांनी तेच दोन शब्द वापरले आणि दोघे दोन वेगळ्या गोष्टी बोलले. मला इतके एकटे ठाण्याच्या भिंतीपाशीही कधी वाटले नव्हते.

कुंदन बाभळीआड गुडघा टेकून बसला. मागे ललित. पलीकडून आबांचा हाकारा ऐकू आला आणि एक काळा नर नाला चढून हरभऱ्यात आला. तो थांबला. थंडीत त्याच्या नाकातून वाफ निघत होती. कुंदनने दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला. डावा हात माझ्या नळीखाली आला, बरोबर माझ्या गळ्याशी. तीच बोटे. मला त्यांची ऊब कळत होती आणि मला रडू येत होते. त्याने चाप ओढला.

खट्.

काडतुसावर आदळणारा माझा घोडा नुसताच पडला, बार उडाला नाही. काडतूस फुसके निघाले. नथ्थूभाऊ, तुम्ही वाचवलेत, मी म्हटले. कुंदनने थोडे थांबून मला उघडले आणि ते फुसके काडतूस बाहेर काढले. मित्रांनो, त्या क्षणी मी पूर्ण उघडी होते. सूर्य समोर वर आला होता. मला जरा उचलून आत पाहिले असते तर त्याला काळाकुट्ट अंधार दिसला असता आणि तो थांबला असता. एवढेच करायचे होते. पण रोह्याने कान हलवले आणि ललित मागून कुजबुजला, "भाऊ, लवकर! जाई राह्यना तो!"

कुंदनने नवे काडतूस भरले. मला मिटले. नेम धरला.

पुढचे मी थोडक्यात सांगते. मोठा आवाज झाला, पण तो बाराचा नव्हता, माझा होता. रोही उड्या मारत पळून गेला, त्याला छर्राही लागला नाही. कुंदन मागे पडला. त्याच्या डाव्या हाताकडे ललितने पाहिले आणि तो तोंडावर हात धरून खालीच बसला. आबा नाल्यातून धावत आले. त्या वयात ते कसे धावले कोण जाणे. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून कुंदनच्या हाताला घट्ट गुंडाळला, ललितला गाडी आणायला पिटाळले आणि मग मला उचलले. माझ्या फाटलेल्या नळीतून त्यांच्या तळहातावर वाळलेली माती पडली, मातीत अळ्यांची सालपटे.

"हाई माती?" आबांनी तळहात कुंदनसमोर धरला. "आरे, तू तं बोलना व्हता, उजेड शे!"

"बोलनू ना आबा," कुंदन म्हणाला. वेदनेने त्याचे दात वाजत होते. "बाबा बोले, तसंच बोलनू. हात वर करीसन."

आबा त्याच्याजवळ खाली बसले. मग त्यांनी त्याचे डोके छातीशी धरले.

"आरे भो," ते म्हणाले, "ते बोलानं नव्हतं रे. ते दखानं व्हतं."

कुंदनच्या डाव्या हाताची तीन बोटे गेली. पाळणा हलला, मुलगी झाली, असे मी इथल्या हवालदारांच्या तोंडून ऐकले. तिला पाहायचे भाग्य माझ्या नशिबी नाही.

मागच्या आठवड्यात कुंदन इथे आला होता. डावा हात पिशवीत घातल्यासारखा पँटच्या खिशात होता. सोबत आबा. हवालदारांनी विचारले, "बंदुकीतच दोष होता, असं म्हणायचं ना?"

"नाही साहेब. बंदूक चांगली होती," कुंदन म्हणाला. "ती मोडून टाका. पण तिच्यात दोष होता असं म्हणू नका."

मित्रांनो, मुंगेरच्या त्या म्हाताऱ्यानंतर मला इतके कुणी मानले नव्हते. कुंदन जाताना आबांना हळूच म्हणाला, "बाबाले मी एकदाबी इचारं नही, तुम्ही काय दखतस."

मला ते वितळवतील, वितळवू देत. माझ्यासारख्या वस्तू जितक्या कमी तितके बरे. तुम्ही माझ्यासाठी हळहळू नका, आणि बंदुकीला तर कधी हातही लावू नका. माझे मागणे वेगळेच आहे. तुमच्या घरातही कुणीतरी रोज काहीतरी करत असेल. गॅस लावण्याआधी आजी थांबत असेल, विहिरीत उतरण्याआधी काका दिवा सोडत असतील, बाबा गाडीला चक्कर मारून वाकून बघत असतील. त्यांचे शब्द पाठ करून ठेवू नका. त्यांच्या पाठीमागे उभे राहू नका. पुढे या, त्यांच्या शेजारी उभे राहा आणि विचारा, तुम्ही काय पाहता? सांगायला ते आज आहेत. उद्या तुम्हाला त्यांच्यासारखे बोलता येईल, पण काय पाहायचे ते सांगायला कुणी नसेल.